लिनिया टी-जेट: बूस्ट किती वाढवला तर इंजिन सुरक्षित राहील?

टीजेट_नाशिक
मंडळी, गाडी २०११ ची फियाट लिनिया टी-जेट, १.४ टर्बो पेट्रोल, रनिंग ९२ हजार. इंजिन अजून उघडलेलं नाही, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे, रिमॅप (ईसीयू, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं) नाही. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, हाताने वाढवायचा बॉल-स्प्रिंगवाला मॅन्युअल कंट्रोलर आणि बूस्ट गेज आणून ठेवलंय. कंपनी फिटिंगवर कुठपर्यंत जाता येईल? कोणी १५ पीएसआय म्हणतं, कोणी १८. अबार्थ पुंटो १.४ टी-जेटवरच १४५ हॉर्सपॉवर देते, म्हणजे वाव असणार. कंट्रोलर कुठल्या नळीत टाकायचा आणि किती आटे फिरवायचे?

वेस्टगेट
कंट्रोलर सध्या डब्यातच राहू द्या. या गाडीत वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, नुसत्या स्प्रिंगवर चालत नाही. ईसीयू सोलेनॉइडमधून (विजेवर चालणारी छोटी झडप) वेस्टगेट हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारा दाब कमी-जास्त करतो. त्या नळीत मॅन्युअल कंट्रोलर घुसवला की ईसीयू बूस्ट खाली आणायला बघतो आणि वेस्टगेट त्याला दाद देत नाही. मग तो थ्रॉटल मिटतो, पी०२३४ (जादा बूस्टचा) कोड येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कापली जाते. बूस्ट वाढवायचा तर रिमॅपमधूनच, जिथे बूस्ट, इंधन आणि इग्निशन टायमिंग तिन्ही एकत्र बदलतात. अबार्थमध्येही कंपनीने १४५ साठी स्वतंत्र कॅलिब्रेशन केलंय, नुसता स्क्रू पिळलेला नाही.

आता "१५ की १८". आकडा आधी ठरवून गाडी त्याला जुळवायची नसते. सध्या किती वाव शिल्लक आहे ते मोजा, आकडा त्यातून निघेल.

सुरुवात गळतीपासून. टर्बोच्या इनलेटला टोपी लावा, टोपीत टायरचा व्हॉल्व्ह बसवा, कॉम्प्रेसरने ०.७ ते ०.८ बार हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. क्रँककेस ब्रीदरची (इंजिनच्या तळातली वाफ बाहेर सोडणारी) नळी आधी काढून बंद करा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील उडतील. दहा-बारा वर्षांच्या गाडीत इंटरकूलरचे होज क्लॅम्पखाली चिरलेले असतात. गळती असली तरी ईसीयू ठरलेला बूस्ट गाठतोच, पण त्यासाठी टर्बो जास्त फिरवतो. हवा तापते, गेजवर काहीच दिसत नाही.

मग हातपंपाने अ‍ॅक्च्युएटर तपासा. रॉड किती दाबाला हलायला लागतो ते लिहून ठेवा. दाब धरून ठेवल्यावर काटा खाली येत असेल तर डायफ्रॅम फाटलाय, तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. रॉड आखडून प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण) वाढवायचा मोह टाळा. बूस्टचा पाया वर उचलला की सोलेनॉइडला बूस्ट खाली आणायला जागाच उरत नाही.

यानंतर लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद. डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजायचं यंत्र) चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला २००० पासून ६००० फेऱ्यांपर्यंत फुल थ्रॉटल. रस्त्यावर हे करू नका. नोंदायचं ते मॅप (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब), फेऱ्या, थ्रॉटल अँगल, टायमिंग, नॉकसाठी (इंधनाचा अवेळी स्फोट) मागे घेतलेले टायमिंगचे अंश, इनटेक हवेचं तापमान, इंजेक्टरचा वेळ आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे पूर्ण ज्वलनापुरतं, त्याहून कमी म्हणजे इंधन जास्त). कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड (फक्त लॅम्डा १ च्या आसपास मोजणारा) असेल तर फुल थ्रॉटलला त्याचा काही उपयोग नाही. टर्बोनंतर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी वाइडबँड सेन्सर बसवा.

कंपनीच्या बूस्टवर हे सगळं स्वच्छ असेल तरच ०.०७ बारच्या, म्हणजे १ पीएसआयच्या पायरीने वर जा. एकाच फेऱ्यांना पुन्हा पुन्हा ३ अंशांहून जास्त टायमिंग मागे जात असेल, लॅम्डा ०.८५ च्या वर सरकत असेल किंवा इनटेक ६० अंश ओलांडत असेल, तर एक पायरी खाली या आणि तिथेच थांबा. सुट्टा एखादा अंश कुठेतरी मागे गेला तर घाबरायचं कारण नाही.

इंधनरेषा
वरचं सगळं बरोबर. इंधनाची बाजू जोडतो, कारण नुकसान सहसा इथूनच सुरू होतं.

६००० फेऱ्यांना इंजिनचं एक चक्र २० मिलिसेकंदांचं. इंजेक्टर १७ मिलिसेकंद उघडा राहत असेल तर ड्यूटी ८५ टक्के, तीच मर्यादा धरा. इंधनाची रेल रिटर्नलेस (जादा पेट्रोल टाकीकडे परत न पाठवणारी) असून दाब ३.५ बारवर कायम असेल, तर १ बार बूस्टला इंजेक्टरच्या तोंडाशी फरक उरतो २.५ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे चालतो, म्हणजे सुमारे १५ टक्के कमी इंधन, आणि तेही सर्वांत जास्त गरज असते तेव्हा. मिश्रण लीन झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, की तापमान चढतं, नॉक होतो, आणि आधी बळी जातो तो पिस्टनचा रिंगलँड (रिंगांमधली कड). तो तुटल्यावर गाडी चालूच राहते, फक्त ब्रीदरमधून धूर आणि ऑइल यायला लागतं. त्यामुळे कित्येकांना कळतही नाही.

ई२० मुळे (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) हिशेब आणखी ताणलाय. पूर्ण ज्वलनाचं हवा-इंधन प्रमाण (एएफआर) ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५. तेवढ्याच हवेला सुमारे ४ टक्के जास्त इंधन लागतं. म्हणून जुने एएफआरचे आकडे सोडा, लॅम्डात बोला. फुल बूस्टला ०.७८ ते ०.८२. इथेनॉलचा ऑक्टेनला फायदा आहे, पण इंजेक्टरमध्ये जागा असेल तरच तो पदरात पडतो. ज्या पेट्रोलवर रिमॅप केला तेच कायम टाका. हायवेवर ते मिळालं नाही तर टाकीतलं पेट्रोल बदलेपर्यंत पाय हलका ठेवा. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.६५ ते ०.७ मिलिमीटर. दाट हवेत मोठ्या गॅपवर स्पार्क विझतो, आणि तो मिसफायर लोकांना नॉक वाटतो.

टीजेट_नाशिक
धन्यवाद. कंट्रोलर परत करतो. एक शंका: गेज आणि ओबीडीचा (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटवरून वाचलेला) आकडा जुळत नाही. ओबीडी मॅप १८० किलोपास्कल दाखवतो. आणि महाबळेश्वरच्या घाटात तोच रिमॅप चालेल का?

वेस्टगेट
ओबीडीचा मॅप निरपेक्ष दाब असतो, त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करायचा. इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप वाचा, तोच बाहेरचा दाब. नाशिकला ९४-९५ किलोपास्कल येईल, मुंबईत १०१. म्हणजे १८० ला तुमच्याकडे बूस्ट ०.८५ बार, मुंबईत ०.७९. सेन्सरची कमाल मर्यादाही बघा. २.५ बारचा असेल तर १.५ बार बूस्टच्या वर तो आंधळा आणि ईसीयू अंदाजाने इंधन देतो.

घाटाबद्दल विचारलंत ते चांगलं केलंत. ईसीयू निरपेक्ष दाबाचा पाठलाग करतो. २०० किलोपास्कल हवे असतील तर मुंबईत दाबाचं गुणोत्तर (आतला भागिले बाहेरचा) जवळपास २, महाबळेश्वरला २.३. टर्बोला तेवढ्याच आकड्यासाठी बरंच जास्त फिरावं लागतं. गुणोत्तर २ असताना ३५ अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून १३० च्या आसपास बाहेर पडते आणि बरा इंटरकूलर ती ६५ पर्यंत आणतो. चढावर वेग कमी, समोरून वारा नाही, मग त्याहून वर. ट्यूनरला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: बाहेरचा दाब उतरला की टार्गेट बूस्ट खाली आला पाहिजे, आणि इनटेक ५० च्या पुढे गेलं की टायमिंग आणि बूस्ट दोन्ही हळूहळू उतरले पाहिजेत. स्वस्त रिमॅपमध्ये ही टेबलं सपाट केलेली असतात.

आकडा हवाच असेल तर कंपनी टर्बो, इंटरकूलर, क्लच आणि ९५ ऑक्टेन पेट्रोलवर मधल्या फेऱ्यांत १ बार, ६००० ला ०.८. वरच्या फेऱ्यांत हा छोटा टर्बो दम सोडतो, तिथे बूस्ट धरून ठेवला तर ताकद नाही, नुसती उष्णता वाढते. आणि २५०० च्या खाली १ बार मागू नका. सिलिंडरमधला दाब आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण तिथेच सर्वांत जास्त, बूस्ट ३००० पर्यंत सावकाश चढू द्या. क्लच घसरायला लागला तर तो चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये याच पट्ट्यात आधी घसरेल.

इंधनरेषा
रिमॅप झाल्यावर पहिला लॉग आणि मूळ फाइल दोन्ही ट्यूनरकडून मागून घ्या. विमा कंपनीलाही कळवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे न कळवलेल्या बदलांवर क्लेम अडू शकतो. आणि तो लॉग इथे टाका, टायमिंगचा कॉलम बघून सांगता येईल अजून एक पायरी झेपेल की नाही.