मदत हवी आहे: शेडिंग केलं की चित्र सपाट आणि मळकट का दिसतं?

नमस्कार मंडळी,

शाळा सुटली तशी चित्रकलाही सुटली होती. आता चाळिशीनंतर ड्रॉइंगच्या क्लासला जायला लागले आहे. आधी सरांनी नुसत्या रेघा काढून घेतल्या, आडव्या, उभ्या, तिरक्या, मग गोल. मनगट न हलवता खांद्यातून हात फिरवायचा. वैताग आला, पण आता लांब रेघ थरथरत नाही हे खरं. मग ठोकळा, चेंडू, पेला. हात ताठ, एक डोळा मिटलेला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं, तेही बऱ्यापैकी जमतंय.

गाडी अडली आहे शेडिंगपाशी. बाह्यरेषा बरी येते, पण छटा भरल्या की चेंडूची थाळी होते. एक बाजू गडद करते, दुसरी कोरी ठेवते, मधला भाग बोटाने चोळून एकजीव करते. शेवटी सगळीकडे एकच राखाडी आणि वर बोटांचे डाग. सर म्हणतात बोट लावायचं नाही, रेघांनीच करायचं. तसं केलं की रेघाच दिसतात, चेंडू दिसत नाही.

माझ्याकडे एचबी, २बी, ४बी, ६बी पेन्सिली आहेत. वापरते मात्र एचबीच, कारण ६बी एकदा लागली की खोडून पूर्ण जात नाही. शिवाय चेंडूच्या अंधाऱ्या बाजूला, अगदी काठाशी, एक उजळ पट्टा दिसतो. तो काढला तर चेंडू स्टीलचा वाटायला लागतो. काढायचा की सोडायचा?

वर्गात बाकी सगळी कॉलेजची मुलं आहेत आणि सरांना तेच तेच विचारायचा संकोच होतो, म्हणून इथे विचारते आहे.

काजळी
ताई, निम्मा घोळ एचबीचा आहे. शिसपेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती असते. बीच्या पेन्सिलींपेक्षा एचबीत माती जास्त, बीच्या आधीचा आकडा वाढत जाईल तसं ग्राफाइट जास्त. त्यामुळे एचबी कितीही दाबली तरी काळं होत नाही, कागद खचतो आणि वर चमक येते. खरा काळा चित्रात नसेल तर उजेडही उजेड वाटत नाही.

आधी एका पट्टीवर पाच चौकोन करा. पहिला कोरा, पाचवा ६बीने जमेल तितका गडद, मधले तीन त्यांच्यामध्ये बसवा. मग चेंडूकडे डोळे किलकिले करून बघा, बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि मोठे मोठे गडद-उजळ भाग उरतात. ते त्या पट्टीशी ताडून भरा.

आणि दिवा कुठे आहे? छताचा दिवा लावून बसत असाल तर चार बाजूंनी उजेड येतो, मग गोलाई दिसणार कुठून. तो बंद करून बाजूला एकच टेबललॅम्प ठेवा.

तिरकीरेघ
काठाशी दिसतो तो परावर्तित प्रकाश. टेबलावरचा उजेड उलटून चेंडूला लागतो. काढायचा, पण तो अंधाराच्याच घरातला आहे. उजेडाच्या बाजूच्या कुठल्याही छटेपेक्षा तो गडदच राहिला पाहिजे. तुमचा स्टीलचा चेंडू तिथूनच येतोय. सगळ्यात गडद पट्टा काठावर नसतो, उजेड संपतो त्याच्या लगेच पलीकडे असतो. जमिनीवरची सावली चेंडू टेकतो तिथे सर्वात काळी करा, पुढे फिकट होऊ द्या.

रेघा सरळ मारू नका, गोलाईवरून वळवा. पहिला थर हलका, त्यावर थोड्या तिरक्या कोनात दुसरा. आणि उजेडाच्या बाजूची बाह्यरेषा शेवटी पुसट करा. तीच जाड ठेवली की थाळी होते.

बिनकामाचा
बोट लावणं पाप नाही हो, पण बोटाला तेल असतं, त्याचा डाग मग रबराने निघत नाही. चोळायचंच तर गुंडाळलेल्या कागदाची कांडी मिळते ती घ्या. तीही पाच चौकोन जमल्यावरच, नाहीतर कागदाचा पोत भरून जातो आणि पुन्हा राखाडी.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. छताचाच दिवा होता! लॅम्प लावल्याबरोबर गडद पट्टा कुठे आहे ते नीट दिसलं. चेंडू अजून ओबडधोबड आहे, पण थाळी नाही. आता पेला. तोंड आणि बूड दोन्ही सारखीच लंबवर्तुळं काढते, तरी पेला वाकडा दिसतो.

तिरकीरेघ
सारखी नसतातच. डोळ्याच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं दिसतं. म्हणून बुडाची वक्ररेषा तोंडाच्या वक्ररेषेपेक्षा जास्त गोल हवी. आणि दोन्ही टोकं टोकदार करू नका, तिथेही रेघ वळतेच. आधी मधोमध उभी रेघ आखा आणि दोन्ही लंबवर्तुळं तिच्या काटकोनात बसवा, पेला सरळ उभा राहील.