पॅरिसच्या फ्रेंच बागा : तुमचे अनुभव लिहा

सरळसोट रस्ते, कात्री लावलेली झाडं, भूमितीच्या वहीत आखावेत तसे वाफे. पॅरिसमधल्या अशा बागा पाहिलेल्यांनी काय आवडलं, काय खटकलं ते इथे लिहावं. सुरुवात मी करते.

लूव्रसमोरच्या त्विलरी बागेत पहिल्यांदा गेले ती भर दुपारी. पांढरट धुळीनं चपला भरल्या, सावली होती ती पार कडेच्या झाडांखाली. हे तर कवायतीचं मैदान, असं वाटलं. दोन दिवसांनी संध्याकाळी पुन्हा गेले आणि लूव्रकडे पाठ करून बरोब्बर मधोमध उभी राहिले. गोल हौद, त्यापलीकडचा अष्टकोनी हौद, काँकॉर्ड चौकातला ओबेलिस्क म्हणजे उंच दगडी स्तंभ, लांबवरची विजयकमान, सगळं एका रेषेत! माळ्यांच्या घराण्यातल्या आंद्रे ल नोत्रनं १६६४ मध्ये ही बाग नव्यानं आखायला घेतली. लांबचा हौद त्यानं जवळच्यापेक्षा मोठा केला, म्हणजे अंतरामुळे लहान दिसला तरी नजरेला दोन्ही जुळावेत. ओबेलिस्क आणि कमान १८३६ मधली, पण रेषा त्याची. ज्या त्विलरी राजवाड्यातून हे बघायचं, तो १८७१ मध्ये जळाला. या बागा चालत बघण्याआधी उभं राहून बघाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

*

आम्ही निफाडकडचे द्राक्षवाले. मुलगा तिकडे नोकरीला, म्हणून सप्टेंबरात महिनाभर राहून आलो. लक्झेंबर्ग बागेतले राण्यांचे पुतळे, कारंजी बघून झाली, पण ह्यांचा पाय काही रमेना. मग नैर्ऋत्येकडच्या कोपऱ्यात सफरचंद-नाशपातीची झाडं सापडली. तारांवर फांद्या ताणून बांधलेल्या, झाड कसं भिंतीसारखं चपटं! आणि फळाफळाला कागदी पिशवी. आपण द्राक्षाच्या घडांना पेपर लावतो, अगदी तस्संच. हे कुंपणाशी उभे राहून फांद्यांवरचे डोळे मोजत होते, कुठे काप घेतलाय ते मला दाखवत होते. म्हणाले, "छाटणी करणाऱ्याचा हात फार चांगला आहे." दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी आयफेल टॉवरचं विचारलं, तर म्हणाले, आधी बागेत जाऊन येऊ. जवळच मधमाश्यांच्या पेट्याही आहेत, १८५६ पासून तिथे माशीपालन शिकवतात.

*

लहान मुलं असतील तर लक्झेंबर्गच्या मोठ्या हौदावर शिडाच्या होड्या भाड्यानं मिळतात. काठीनं ढकलायची, मग वारा नेईल तिकडे. आमची लेक तासभर होडीमागे काठाकाठानं पळत होती. मात्र बहुतेक हिरवळीवर पाय ठेवायला बंदी आहे. सारसबागेत लोळायची सवय असलेल्या पोराला हे समजावणं जड जातं, आणि मला स्वतःलाही ते पटत नाही.

*

पाले रोयाल राजवाड्याच्या बागेबद्दल कुणीच लिहिलं नाही? लिंबाच्या... म्हणजे आपल्या लिंबाच्या नव्हे, लिंडन नावाच्या झाडांच्या चार ओळी, वरून-बाजूंनी कापून भिंतीसारख्या सरळ केलेल्या. ऑफिस जवळ होतं तेव्हा डबा तिथेच खायचे. मोकळी हिरवी लोखंडी खुर्ची उचलायची आणि हवी तिथे न्यायची.

*

मी लक्झेंबर्ग बागेत डिसेंबरात गेलो. पेट्यांमधली ताडाची, संत्र्याची झाडं थंडीसाठी आत नेलेली, बाकी झाडांवर पान नाही. त्यामुळे आखणी तेवढी उरली होती, आणि मला ती तशीच आवडली. रखवालदारांनी बाग बंद करायच्या शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा अजून पाचही वाजले नव्हते.