लक्ष्मीपूजनाला ओवाळायला लावतात, काय करू? (सांगली)

मार्केटयार्डवाला:
सलाम सगळ्यांना. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, घरचे आम्ही ख्रिस्ती. लक्ष्मीपूजनाला काट्याला झेंडूचा हार, नव्या लाल वहीवर स्वस्तिक, लाह्या-बत्तासे, सगळं रीतीनं होतं आणि मी तिथं असतोच, त्याचं काही नाही. पण गेल्या वर्षी शेठ म्हणाले वही तू लिहितोस तर ओवाळ पण तूच, आणि ताट हातात दिलं. हमाल, तोलाईदार, दोन व्यापारी सगळे बघत होते. मी ओवाळलं. घरी आलो तर आई म्हणाली अंगाला कापराचा वास येतोय, मी म्हणालो शेजारी उभा होतो. ते खोटं बोलणं अजून मनातून जात नाही. शेठ माणूस चांगला आहे, बहिणीच्या ऑपरेशनला न मागता पैसे दिले होते, नोकरी जाईल असंही नाही, चार लोकांत तोंडं वाकडी होतील एवढंच. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये काय आहे ते संदर्भासकट सांगा.

कृष्णाकाठ:
भावा एवढं जीवाला लावून घेऊ नकोस. २ राजे ५ वाच. अरामचा सेनापती नामान कुष्ठातून बरा झाला, आणि अलीशा संदेष्ट्याला म्हणाला की माझा धनी रिम्मोन या अरामी देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमतो तेव्हा मलाही नमावं लागतं, तेवढी क्षमा व्हावी. अलीशा काय म्हणाला? शांतीने जा.

मिरजेची मावशी:
कृष्णाकाठ, त्याच्या आधीचं १७ वं वचन पण वाचा ना. इथून पुढं दुसऱ्या देवाला यज्ञ करणार नाही हे नामान आधी सांगतोय, आणि जी अडचण आहे ती जायच्या आधी उघड बोलून मोकळा होतोय. लपवलं काहीच नाही.
बाळा, तुझं वाचून मला मोशेचा भाऊ अहरोन आठवला. मोशे डोंगरावरून यायला उशीर झाला, लोक गोळा झाले, आम्हाला देव करून दे म्हणाले, आणि यानं त्यांच्या कानातलं सोनं मागून घेतलं, स्वतः हत्यारानं घडवून वासरू केलं. मोशेनं विचारलं तर म्हणतो, सोनं आगीत टाकलं नि हे वासरू बाहेर आलं! निर्गम ३२:२४. तुझं "शेजारी उभा होतो" तसंच आहे बघ, रागावू नकोस. शौल राजा निदान १ शमुवेल १५:२४ मध्ये कबूल तरी करतो की मी लोकांना भ्यालो. आधी आईला सांग, ताटाचं नंतर बघू.

पौलाचा वाचक:
प्रसादाचं कुणी विचारलं नाही तरी लिहितो. १ करिंथ १० मध्ये बाजारातलं मांस चौकशी न करता खा म्हणतो प्रेषित पौल, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे समोरच्याला काय दिसतं हे पण मोजायचं. तू ओवाळलंस तेव्हा हमालांना काय दिसलं?

सातारकर:
मी हिंदू आहे, आमच्याकडची बाजू सांगतो. आरतीला कुणी हात जोडून नुसतं उभं राहिलं तर आम्हाला खटकत नाही, पण ऐनवेळी भरल्या दुकानात ताट नको म्हणालात तर शेठना अपमान वाटेल. आठवडाभर आधी एकट्यात गाठा. आणि खरं सांगू का, मन नसताना ओवाळलेलं आम्हाला तरी कुठं हवंय, लक्ष्मीपुढं मनापासूनच यावं.

मिरजेची मावशी:
सातारकर, देव तुमचं भलं करो. दानीएल ३ मधल्या त्या तिघा यहुद्यांनी पण, मूर्तीला नमा नाहीतर भट्टीत टाकतो म्हणणाऱ्या राजाला तोंडावर, शांतपणे सांगितलं, आमचा देव आम्हाला सोडवील, आणि नाही सोडवलं तरी तुमच्या मूर्तीला नमणार नाही. राजाला शिव्या नाही घातल्या.

मार्केटयार्डवाला:
सगळ्यांचं वाचलं. मावशी, अहरोनाचं वाचून पोटात गोळा आला. आईला आज सांगितलं. ती काहीच बोलली नाही, भाकरी थापत राहिली, मग म्हणाली मला त्याच रात्री कळलं होतं. सोमवारी सौदे सुरू व्हायच्या आधी शेठना एकट्यात भेटणार आहे, काटा धुवायला, हार करायला सगळ्यात आधी येईन पण ताट दुसऱ्याच्या हातात द्या असं सांगणार. आई म्हणते मोकळ्या हातानं जाऊ नकोस, चकल्यांचा डबा घेऊन जा.