बीबी८४ चं मॉडेल: × बेसिसमध्येच गडबड, काहून?

घाटंजी_फिजिक्स
तालुका प्रदर्शनीसाठी बारावीच्या पोरांचं बीबी८४ मॉडेल सुरू आहे. बीबी८४ म्हणजे उजेडाच्या ध्रुवणातून (कंपनाच्या दिशेतून) गुप्त किल्ली पाठवायची क्वांटम पद्धत: पाठवणारा आणि घेणारा दर बिटाला + (०/९० अंश) किंवा × (४५/−४५) यांपैकी एक बेसिस, म्हणजे कोनांची जोडी, निवडतात आणि दोघांचा बेसिस जुळला तेच बिट ठेवतात. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर पॉइंटर स्टँडवर पक्का, त्यापुढे पाठवणाऱ्याची पोलरायझर फिल्म (एकाच दिशेचं ध्रुवण जाऊ देणारी; ०, ९०, ४५, −४५ अंश), ३० सेंटिमीटरवर घेणाऱ्याची फिल्म (० किंवा ४५), मागे एलडीआर (उजेड वाढला की रोध घटणारा सेन्सर) आणि मल्टिमीटर. उजेड म्हणजे ०, अंधार म्हणजे १, अर्धवट आलं तर नाणं उडवायचं.
+ ला + जुळलं की उजेडाला १.२ किलोओहम, अंधाराला ६० च्या वर. झकास. पण × ला × जुळूनही ४५ अंशाला १.९ च दाखवते, म्हणजे बेसिस न जुळल्यासारखंच. उलट ९० पाठवून घेणारा ४५ वर ठेवला तर अर्धा उजेड यावा, तिथं ठार अंधार. फिल्म बदलली, तेच. बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून टिनाची भोकंही बुजवली आहेत.

ब्रूस्टर_५६
फिल्म सोडा, लेझर पाहा. डायोडचा उजेड मुळातच एका दिशेत ध्रुवित असतो आणि तुमचा ० अंशाच्या आसपास बसला आहे. ४५ ची फिल्म निम्मा उजेड आधीच खाते, ९० ची जवळजवळ सगळा. १.२ चे १.९ होणं निम्म्या उजेडाशी जुळतंच.
पॉइंटरपुढे फिल्म फिरवा, सगळ्यात जास्त उजेड येतो तिथं दोन्ही एकमेकांना पक्के करा आणि मग ती जोडीच पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यात कोनमापकावर फिरवा. फेव्हिक्विक नको, त्याच्या वाफेनं फिल्म पांढुरकी होते. कडेला एम-सील लावा. किरणाच्या वाटेत सेलोटेपही येऊ देऊ नका, टेप स्वतःच ध्रुवण बदलते.
एक त्रास उरेल: किरण बॉडीच्या बरोबर मधून निघत नाही, त्यामुळे फिरवला की ठिपका एलडीआरवरून सरकतो. बटर पेपरचा तुकडा लावला की उजेड पसरतो आणि रीडिंग स्थिर येतं. उन्हाळ्यात डायोड तापला की उजेड उतरतो, म्हणून बिटामागे दोन-तीन सेकंदच चालू ठेवा.

वर्धाकाठचा
फिल्म मॉनिटरची असेल तर अक्षही (ती उजेड जाऊ देते ती दिशा) तपासून घ्या जी. बऱ्याच जुन्या मॉनिटरमध्ये तो कडेला समांतर नसतो, ४५ अंशात असतो. एकाच फिल्मची खूण अशी चुकली तर + आणि × ची अदलाबदल होते आणि जुळलेल्या बिटांपैकी निम्मे चुकतात. परातीत पाणी घ्या, खिडकीची तिरीप त्यावर पडू द्या, पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या नजरेनं फिल्ममधून पाहा आणि ती फिरवत राहा. चमक विझते तेव्हा फिल्मचा अक्ष उभा असतो. तिथंच मार्करनं रेघ मारा.

शून्य_एक
परीक्षक दोन गोष्टी विचारतीलच. मधेच किल्ली चोरून ऐकणारा चोर पकडला कसा? तो दर वेळी मोजून पुन्हा पाठवत असेल तर जुळलेल्या बिटांत सरासरी २५ टक्के चुका येतात. ४० वेळा पाठवलं तर साधारण २० बिट उरतात, त्यात ५ चुका. एकही चूक न येण्याची शक्यता ०.७५ चा विसावा घात, सुमारे ०.३ टक्के. पण १० च बिट तपासले तर ती ५.६ टक्के होते, म्हणून प्रात्यक्षिकात कंजुषी नको.
दुसरं, हे खरंच क्वांटम आहे का? नाही, आणि तसं फलकावर लिहा. १ मिलीवॉटच्या लाल लेझरमधून सेकंदाला सुमारे ३×१०^१५ फोटॉन निघतात. चोरानं तिरपी काच धरून थोडा उजेड काढला तर चूक न येता किल्ली त्याच्या हाती. खऱ्या यंत्रणेत उजेडाच्या एका स्पंदामागे सरासरी एकाहून कमी फोटॉन ठेवतात, शिवाय मधेच वेगळ्या तीव्रतेची फसवी स्पंदं मिसळतात. आयआयटी दिल्ली आणि डीआरडीओनं २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल हे १०० किलोमीटरहून जास्त अंतर फायबरवरून गाठलं, ते उदाहरण द्या. बेनेट आणि ब्रासार यांनी ही पद्धत १९८४ मध्ये मांडली, नावातला ८४ तिथला.

घाटंजी_फिजिक्स
जोडी फिरवली, × ला ४५ वर १.३ आलं. बटर पेपर घेणाऱ्याच्या फिल्मपुढे लावला तर अंधाराचं रीडिंग ६० वरून ९ वर उतरलं.

ब्रूस्टर_५६
फिल्मपुढे लावला की ध्रुवणच विस्कटतं. फिल्म आणि एलडीआरच्या मधे लावा.