चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरचाच मोगरा हवा. छाटणी आणि खत कधी, किती?

पूर्वेची_बाल्कनी
वसंत पंचमी आलीच आहे, म्हणून आत्ताच विचारते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आहे. ऊन सकाळपासून साडेअकरापर्यंत. १२ इंची कुंडीत तीन वर्षांचा बटमोगरा आहे. वेलीसारख्या लांब फांद्या, पानं हिरवीगार, पण फुलं जेमतेम. चैत्र तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौरीपुढे आणि ओटीत घरची फुलं असावीत अशी फार इच्छा आहे. छाटणी किती खोल करायची? पाणी तोडायचं का? बोनमील आणून ठेवलंय, ते कधी घालू?

फांदी_आणि_फुटवा
मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्याच्या टोकाला. जुन्या फांद्या राखल्या की पानं मिळतात, फुलं नाही. तेव्हा हात आखडू नका.

छाटणीआधी आठवडाभर ताण द्या, म्हणजे पाणी तोडा. पानं किंचित मलूल झाली की पुरे. मात्र कुंडीत निम्म्याहून जास्त कोकोपीट असेल तर ताण देऊ नका. ते एकदा कडक वाळलं की वरून घातलेलं पाणी कडेकडेने निघून जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात.

मग चार-पाच जाड, निरोगी फांद्या ठेवून बाकीच्या बुडातून काढा. ठेवलेल्या फांद्या मातीपासून फूट-सव्वा फुटावर कापा. काप डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या जागेच्या) अर्धा सेंटिमीटर वर आणि तिरका घ्या. फार वर घेतला तर तेवढा खुंट वाळतो आणि ते वाळणं फांदीत खाली उतरतं. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. उरलेली सगळी पानंही हाताने खुडा. हेच करायला लोक कचरतात, पण पानं काढली की सगळे डोळे जवळपास एकदम फुटतात आणि बहार एकत्र येतो.

त्यानंतर खालून निथळेपर्यंत पाणी. दहा-पंधरा दिवसांत पालवी, साधारण सहा ते आठ आठवड्यांत कळ्या. म्हणजे चैत्रासाठी आत्ताचीच वेळ बरोबर आहे. मार्चमध्ये कापलंत तर फुलं मे महिन्यावर जातील.

लाल_माती
छाटणीबद्दल सहमत, पण १२ इंची कुंडीत तीन वर्षं म्हणजे आत मुळ्यांचं जाळंच झालं असणार. छाटणीच्याच दिवशी झाड बाहेर काढा. गोळ्याच्या कडेच्या आणि तळाच्या मुळ्या इंचभर कापा आणि १४ इंची कुंडीत लावा. मिश्रण: दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. पुण्याची काळी माती नुसती वापरू नका. ती चिकट, पाणी धरून ठेवते. त्यात चुनाही बराच असतो, त्यामुळे झाडाला लोह मिळत नाही. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर कारण बहुतेक हेच असतं. बोअरच्या जड पाण्यानेही तसंच होतं. पानं अशी दिसली तर लिटरभर पाण्यात २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा.

बोनमीलकडून या चैत्राची अपेक्षा ठेवू नका. ते फार सावकाश विरघळतं आणि चुनखडीच्या मातीत जवळजवळ नाहीच. लाल मातीत मिसळत असाल तर ५० ग्रॅम घाला, पुढच्या हंगामाला उपयोगी पडेल. नव्या फांद्या वीतभर झाल्या की मोहरीच्या पेंडीचं पाणी: १०० ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, दहापट पातळ करून, पंधरा दिवसांनी एकदा. टोकाला कळ्यांचे झुबके दिसले की पेंड बंद. पुढेही नत्र देत राहिलात तर पुन्हा पालाच वाढेल. राख टाळा, तिने माती आणखी अल्कधर्मी होते.

पुनर्लागवडीनंतर आठवडाभर सावलीत, मग उन्हात.

पूर्वेची_बाल्कनी
कळलं, दोन्ही एकाच दिवशी करते. ऊन साडेअकरापर्यंतच आहे, ते पुरेल का?

फांदी_आणि_फुटवा
सहा तास असतील तर उत्तम. चार-साडेचार तासांत फुलं येतात, पण कमी. कुंडी भिंतीपाशी असेल तर कठड्याला लावून ठेवा. मार्चनंतर सूर्य लवकर वर चढतो आणि वरच्या स्लॅबची सावली बाल्कनीत लवकर पडते. जानेवारीत जिथे ऊन होतं तिथे एप्रिलमध्ये ते असेलच असं नाही.

कळी_राखा
कळ्या आल्यावर तीन गोष्टींवर डोळा ठेवा.

कळीला बारीक भोक, कळी जांभळट, दोन-तीन कळ्या जाळीने चिकटलेल्या: ही कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या खुडून पाण्यात बुडवा, कुंडीत टाकू नका. पानांवर पांढुरके ठिपके आणि मागे बारीक जाळं असेल तर लाल कोळी. कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, सलग तीन-चार दिवस. कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळत असतील तर आधी पाणी तपासा. माती एकदा कडक वाळून मग भरपूर पाणी पडलं की असं होतं. मार्चपासून रोज सकाळी पाणी द्या.

निंबोळी तेल (लिटरला ५ मिली, साबणाचे दोन थेंब) कळ्या दिसायच्या आधीच मारून घ्या. पन्ह्याच्या दिवसांत माठात दोन फुलं टाकणार असाल तर फवारलेल्या झाडाची अजिबात नको. त्यासाठी एखादी कुंडी न फवारता वेगळीच ठेवा.

कळ्या पांढऱ्या आणि टपोऱ्या झाल्या की दुपारी चारनंतर खुडा, ओल्या सुती कापडात ठेवा, दिवेलागणीनंतर उमलतात. पहिला बहार ओसरला की वाळलेल्या फुलांखालच्या दोन पेरांसह टोकं छाटा. महिना-दीड महिन्यात दुसरा बहार येतो.