इंग्रजीतल्या ‘थग’साठी मराठीत ‘ठग’ लिहावे का?

धागाकर्ता : इंग्रजी बातम्यांच्या भाषांतरात ‘थग’साठी सर्रास ‘ठग’ लिहिले जाते. शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला, तेव्हा तोच परत घ्यावा, हा विचार मला चुकीचा वाटतो. मराठीतला ठग फसवतो. ठक, ठकवणे, ठकसेन या साऱ्या गोतावळ्यात मारहाण कुठेच नाही, आणि ज्या ‘स्थग्’ धातूशी त्याचे नाते जोडतात त्याचा अर्थही झाकणे, लपवणे असाच आहे. इंग्रजीतला थग मात्र उघड दांडगाई करतो. (लबाडीला लागते तेवढी अक्कल त्याच्याजवळ असावी, अशी अपेक्षाही नसते.) एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या महापौर स्टेफनी रॉलिंग्ज-ब्लेक यांनी दंगलखोरांना ‘थग्ज’ म्हटले आणि नंतर तो शब्द मागे घेतला, कारण कृष्णवर्णीय तरुणांना हिणवण्यासाठी तो वापरला जातो, असा आक्षेप होता. तिथे ‘ठग’ लिहिल्यास वाद कशावरून झाला, हेच वाचकाला कळणार नाही.

प्रतिसाद १ : असहमत. ज्या ठगांमुळे हा शब्द इंग्रजीत रुजला, ते वाटसरूंशी ओळख वाढवून, संधी साधून रुमालाने त्यांचा गळा आवळत, असे ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन यांच्या ठगांविरुद्धच्या मोहिमेची कागदपत्रे सांगतात. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गुन्ह्याला जन्मठेप ठेवली. हिंसा इंग्रजांनी पदरची घातलेली नाही. आपल्या बोलण्यातून ती गळाली, एवढेच.

धागाकर्ता : आपण दिलेल्या वर्णनातही आधी विश्वास संपादन करणे आहे, गळा आवळणे नंतरचे. दक्षिणेत अशाच टोळ्यांना ‘फांसीगार’ म्हणत. म्हणजे एक नाव फासावरून पडले आणि दुसरे फसवणुकीवरून. इंग्रजीने नाव दुसरे उचलले आणि अर्थ पहिल्याचा ठेवला.

प्रतिसाद २ : कागदपत्रांवर एवढी भिस्त ठेवू नये. त्यांतला मोठा भाग माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांचा आहे, आणि कालीभक्त, वंशपरंपरागत खुनी पंथ हे त्यांतून उभे राहिलेले चित्र अनेक इतिहासकारांना मान्य नाही. मेडोज टेलर यांच्या १८३९ च्या कादंबरीने तेच चित्र इंग्लंडात घरोघरी नेले. उच्चाराचीही गंमत अशी, की ‘ठ’साठी योजलेली रोमन अक्षरे तिथल्या वाचकांनी आपल्या सवयीने वाचली आणि ‘ठग’चा ‘थग’ झाला. इतिहासाविषयी लिहिताना ‘ठग’ ठेवावे, एरवी सरळ ‘गुंड’ लिहावे.

प्रतिसाद १ : ‘गुंड’ने बाल्टिमोरची अडचण कुठे सुटते? गुंड कोणत्याही वर्णाचा असू शकतो, आणि आक्षेप तर नेमका वर्णावरूनच होता. तिथे ‘थग’ हाच शब्द ठेवून अर्ध्या वाक्यात खुलासा करावा, इथपर्यंत मी येतो. ‘ठग’मध्ये खून नव्हताच, हे मात्र मला अजूनही पटलेले नाही.