थ्री फेज कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच मोटरच्या लाइनमध्ये जोडावा का?

प्रश्न:
माझ्या टायरच्या दुकानात ३ एचपी, ४१५ व्होल्टचा थ्री फेज कॉम्प्रेसर आहे. जुना प्रेशर स्विच (टाकीतील दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा) जळाल्यावर वायरमनने दोन पोलचा स्विच बसवून त्यातून दोन फेज नेल्या आणि तिसरी मोटरला थेट जोडली. टाकी भरल्यावर मोटर थांबते, मात्र पुन्हा सुरू होताना कधी कधी नुसती घुमते (आवाज करते, पण फिरत नाही) आणि एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडतो. मोठ्या अँपिअरचा एमसीबी लावला तर चालेल का?

उत्तर १:
कृपया तसे करू नका. एमसीबी प्रामुख्याने केबलच्या संरक्षणासाठी असतो. मोटर जपण्याचे काम ओव्हरलोड रिलेचे, म्हणजे मोटर जादा करंट घेऊ लागली की ती बंद करणाऱ्या उपकरणाचे आहे. आपली सध्याची जोडणी तर सरळ धोक्याची आहे, कारण मोटर थांबलेली दिसत असतानाही तिसऱ्या फेजमुळे तिच्या टर्मिनलवर व्होल्टेज राहते. डीओएल स्टार्टर (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) घ्या. तिन्ही फेज काँटॅक्टर (कॉइलला वीज मिळताच जोडला जाणारा स्विच) आणि रिलेमधून मोटरला न्या आणि प्रेशर स्विच फक्त काँटॅक्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये, रिलेच्या एनसी (एरवी जोडलेला, रिले पडल्यावर उघडणारा) संपर्कासह सिरीजमध्ये जोडा. रिलेचे सेटिंग मोटरच्या प्लेटवरील अँपिअरइतके ठेवावे. ३ एचपीला ते साधारण ५ च्या आसपास असते. कॉइल २४० व्होल्टची की ४१५ ची, हे तिच्यावर वाचल्याशिवाय सप्लाय देऊ नये.

उत्तर २:
वरील सल्ल्यात एक भर घालतो. पुश बटणाच्या स्टार्टरमध्ये प्रेशर स्विच उघडला की होल्डिंग संपर्कही (बटण सोडल्यावर कॉइल चालू ठेवणारा) सुटतो, त्यामुळे दाब उतरल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी बटणाऐवजी ऑन-ऑफ सिलेक्टर लागतो. मग मात्र गेलेली वीज परत येताच, टाकीत दाब कमी असेल तर, कॉम्प्रेसर विचारल्याशिवाय फिरू लागतो. म्हणून पट्ट्यावर जाळी हवीच, आणि पट्टा बदलताना मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे.

उत्तर ३:
मोटर घुमण्याचे कारण बहुधा वायरिंगमध्ये नसून अनलोडर व्हॉल्व्हमध्ये (मोटर थांबताच नळीतला दाब सोडणारा) असावे. मोटर थांबताच प्रेशर स्विचपाशी थोडा वेळ ‘फुस्स’ आवाज येतो का, ते पाहा. येत नसेल तर कॉम्प्रेसरच्या हेडपासून टाकीकडे जाणाऱ्या नळीत दाब अडकून राहतो आणि मोटरला भारासकट उठावे लागते. आवाज थांबतच नसेल तर टाकीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा नळीत परत येऊ न देणारा) गळतो आहे. हे तपासण्यापूर्वी तिन्ही फेजचे व्होल्टेज मोजून घ्या, कारण एक फेज नसली तरीही मोटर अशीच घुमते. अर्थिंगच्या दोन स्वतंत्र तारा मोटरच्या बॉडीला आहेत ना, हेही पाहावे. थ्री फेज मोटरला नियमाने दोन लागतात.